विश्लेषण : ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवरून त्यांची सामाजिक जबाबदारी कशी कळते?

सार्वजनिक ग्रंथालय पुस्तकांच्या देवघेवीपुरते मर्यादित नसते. ते कोणाला आत घेते, कोणते पुस्तक कपाटात ठेवते आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणाला देते, यावरून त्याचे समाजाशी असलेले नाते ठरते. एकेकाळी हे सारे दारातल्या फळ्यावरून आणि वार्षिक अहवालातून कळत असे. आता ते संकेतस्थळावरून कळणे अपेक्षित आहे. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि लंडन येथील ग्रंथालयांनी गेल्या काही वर्षांत हे काम कसे केले? आणि ‘कागदावरची ग्रंथालये’ हा शिक्का वर्षानुवर्षे वागवणाऱ्या महाराष्ट्रातील ग्रंथालयांसाठी त्यात काय आहे?

ग्रंथालयांची सामाजिक जबाबदारी म्हणजे काय?

या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर युनेस्को आणि ग्रंथालय संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘इफ्ला’ यांच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात मिळते. युनेस्कोचा पहिला जाहीरनामा १९४९चा. त्यानंतर १९७२, १९९४ आणि २०२२ मध्ये तो सुधारण्यात आला. वय, लिंग, धर्म, भाषा, राष्ट्रीयत्व वा सामाजिक स्थान यांवरून भेद न करता सर्वांना सेवा मिळावी, ती तत्त्वतः विनाशुल्क असावी आणि पुस्तकांच्या निवडीवर वैचारिक, राजकीय, धार्मिक किंवा व्यापारी दबाव नसावा, हा त्याचा गाभा आहे. २०२२च्या आवृत्तीत डिजिटल साधनांपासून वंचित असलेल्यांना सामावून घेणे आणि शाश्वत विकास या मुद्द्यांवर अधिक भर देण्यात आला.

भारतात हा विचार त्याआधीच मांडला गेला होता. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे, ही त्यातील तीन सूत्रे आजच्या संकेतस्थळालाही जशीच्या तशी लागू पडतात.

संकेतस्थळाचा याच्याशी संबंध काय?

ग्रंथालयाची पायरी चढण्याआधी नव्या वाचकाला काही साधे प्रश्न पडतात. सभासद होण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात? अनामत रक्कम किती, वर्गणी किती? भाड्याने राहणाऱ्याला, शिकायला गावाहून आलेल्या मुलीला, स्थलांतरित कामगाराला कार्ड मिळते का? चाकाच्या खुर्चीवरून आत जाता येते का? ही उत्तरे सहज मिळाली नाहीत तर ज्यांना संकोच वाटतो ते आत येतच नाहीत. जुन्या सभासदांना त्याचा फरक पडत नाही, कारण त्यांना हे सारे ठाऊकच असते. माहितीच्या अभावाचा फटका ज्यांच्यासाठी सार्वजनिक ग्रंथालय मुळात असते, त्यांनाच बसतो.

म्हणूनच ‘आमचे ध्येय’ या पानावरील वाक्यांपेक्षा शुल्क, वेळ, नियम आणि अहवाल यांची पाने अधिक बोलकी असतात. ‘वाचनसंस्कृतीचे संवर्धन’ हे शब्द कोणालाही लिहिता येतात. सभासदत्वाची अट मात्र प्रत्यक्षात जशी असेल तशीच लिहावी लागते.

न्यूयॉर्कने विलंब शुल्क का रद्द केले?

न्यूयॉर्क शहरात तीन स्वतंत्र सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्था आहेत : न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, ब्रुकलिन आणि क्वीन्स. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी या तिघांनी एकत्रितपणे विलंब शुल्क कायमचे बंद केले आणि जुनी थकबाकीही माफ केली. त्यापूर्वी १५ डॉलर किंवा अधिक थकबाकी झाली की कार्ड गोठवले जात असे. अशी कार्डे गोठलेल्या नागरिकांची संख्या सुमारे चार लाख होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक जण गरजू वस्त्यांतले होते, ही आकडेवारी ग्रंथालयांनी स्वतःच निर्णयासोबत जाहीर केली. शिकागोने असा निर्णय २०१९ मध्ये घेतला होता.

यातील महत्त्वाची बाब म्हणजे निर्णय सांगण्याची पद्धत. केवळ ‘दंड माफ’ अशी सूचना लावून विषय संपवता आला असता. त्याऐवजी दंडाचा भार नेमका कोणावर पडत होता, हे आकड्यांसह सांगण्यात आले. आपलाच जुना नियम गरीब वाचकांना बाहेर ठेवत होता, ही त्यातली कबुली होती. त्याच वेळी पुस्तक हरवल्यास भरपाई द्यावी लागेल, हेही स्पष्ट करण्यात आले. सवलत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याबद्दल वाचकाच्या मनात संदिग्धता उरली नाही.

ब्रुकलिनचा उपक्रम का गाजला?

अमेरिकेतील अनेक राज्यांत २०२१ पासून शालेय आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तके काढून टाकण्याच्या मागण्या वाढल्या. वंशभेद आणि लैंगिकता या विषयांवरील पुस्तके प्रामुख्याने लक्ष्य ठरली. त्यावर ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने एप्रिल २०२२ मध्ये ‘बुक्स अनबॅन्ड’ हा उपक्रम सुरू केला. १३ ते २१ वयोगटातील अमेरिकेतील कोणत्याही तरुणाला डिजिटल कार्ड मोफत देण्यात आले. या कार्डावर ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके घरबसल्या मिळू लागली. पुढे सिएटल, बोस्टन येथील ग्रंथालयेही यात सामील झाली.

येथे संकेतस्थळ हे केवळ माहितीचे फलक राहिले नाही. तेच ग्रंथालयाचे दार झाले. त्याची किंमतही कोणाला तरी मोजावी लागली. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन शहरातील एका शिक्षिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये या उपक्रमाचा क्यूआर कोड वर्गात लावला. त्यावरून वाद झाला, तिने नोकरी सोडली आणि २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने तिचा शिक्षकी परवाना रद्द केला. दुसऱ्या राज्यातील ग्रंथालयाच्या पानाचा दुवा दाखवणे हेही वादाचे कारण ठरू शकते, यावरून अशा पानांचे सामाजिक वजन लक्षात येते.

संकट आल्यावर ग्रंथालयाने काय सांगावे?

याचे उदाहरण ब्रिटिश लायब्ररीचे आहे. हे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. गावोगावच्या वाचनालयासारखी घरी पुस्तके देणारी संस्था नव्हे. तरीही ते सार्वजनिक पैशावर चालते, त्यामुळे त्याचा अनुभव सर्वांना लागू होतो. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘ऱ्हिसिडा’ या खंडणीखोर टोळीने त्याच्या संगणक यंत्रणेवर हल्ला केला. संकेतस्थळ, ग्रंथसूची, मागणी नोंदवण्याची सोय सारे बंद पडले. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. त्यानंतर चोरीला गेलेली सुमारे ६०० जीबी माहिती टोळीने उघड केली. ग्रंथसूची १५ जानेवारी २०२४ रोजी मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाली.

यानंतर मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने हल्ल्याचा सविस्तर अहवाल सर्वांसाठी खुला केला. बाहेरून प्रवेश देणाऱ्या एका सर्व्हरला दुहेरी पडताळणीचे संरक्षण नव्हते, जुनाट यंत्रणा बदलल्या गेल्या नव्हत्या आणि त्यामुळेच पूर्वपदावर येणे लांबले, असे त्यात मान्य केले. आपल्या त्रुटींतून इतर संस्थांनी शिकावे, हा अहवालाचा जाहीर हेतू होता. सार्वजनिक संस्था अडचणीत आल्यावर बहुधा मौन बाळगतात. येथे उलट झाले आणि तो अहवाल इतर संस्थांच्या संगणक विभागांसाठी अभ्यासाचा विषय ठरला.

महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी कशी?

न्यूयॉर्क किंवा लंडनच्या संस्थांकडे संकेतस्थळासाठी स्वतंत्र विभाग असतात. त्यांची थेट तुलना तालुक्याच्या वाचनालयाशी करता येणार नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नाहीत. गावातल्या लोकांनी उभारलेल्या, नोंदणीकृत संस्था ती चालवतात आणि सरकार त्यांना अनुदान देते. या व्यवस्थेचा पाया म्हणजे ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ आणि १९७०चे अनुदान नियम. कर्नाटक, तमिळनाडू, केरळ या राज्यांत ग्रंथालयांसाठी उपकर आहे. महाराष्ट्रात तो नाही. त्यामुळे येथील ग्रंथालये अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवर चालतात.

राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असून क आणि ड वर्गातील ग्रंथालयेच संख्येने जास्त आहेत. २०२२च्या अखेरीस सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ड वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. म्हणजे वाढीनंतरही महिन्याला चार हजार. त्यातून ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, नवी पुस्तके आणि विजेचे बिल भागवायचे. संकेतस्थळाचा क्रम या यादीत शेवटी लागतो, यात आश्चर्य नाही.

मग महाराष्ट्रात हा विषय महत्त्वाचा का?

कारण येथे प्रश्न विश्वासाचा आहे. अनेक ग्रंथालये केवळ अनुदानापुरती, कागदावरच आहेत, अशा तक्रारी झाल्यानंतर २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी करण्यात आली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि वर्ग वाढवून देणे दीर्घकाळ थांबले. दोषी ग्रंथालयांवर कारवाई आवश्यकच होती. परंतु रोज संध्याकाळी नेमाने दार उघडणारी, दिवाळी अंकांची योजना चालवणारी, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका देणारी ग्रंथालयेही त्याच संशयाच्या फेऱ्यात सापडली.

अनुदानित ग्रंथालय दरवर्षी अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब तयार करते. तो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातो, विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय कार्यालयाकडे जातो, वार्षिक सर्वसाधारण सभेत वाचला जातो. म्हणजे हिशेब असतो, पण तो वर सरकारकडे आणि आत सभासदांकडे जातो. जे सभासद नाहीत, त्या गावकऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही. अनुदान मात्र त्यांच्याही करातून येते. किती दिवस ग्रंथालय उघडे होते, किती पुस्तके घरी गेली, बालविभागात किती मुले आली, अनुदान किती मिळाले आणि कशावर खर्च झाले, ही माहिती खुली असती तर चालू आणि बंद ग्रंथालयांतला फरक गावालाच दिसला असता. प्रामाणिकपणे चालणाऱ्या छोट्या ग्रंथालयासाठी अशी पारदर्शकता हे ओझे नसून बचावाचे साधन आहे.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची असते. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही या व्याख्येत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र ‘भरीव’ म्हणजे किती, हे प्रत्येक संस्थेच्या आर्थिक स्थितीवरून ठरते. त्यामुळे सर्वच अनुदानित ग्रंथालयांना हे आपोआप लागू होते, असे सरसकट म्हणता येत नाही. स्वेच्छेने माहिती देण्यास मात्र कोणाचीही आडकाठी नाही.

दुसरा मुद्दा सुगम्यतेचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी असोत वा खासगी, सेवा देणाऱ्यांनी त्या सुगम्य ठेवायच्या आहेत. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजीच्या निकालात म्हटले. तिसरा मुद्दा वाचकाच्या खासगीपणाचा. सभासद अर्जासोबत आधारची प्रत, छायाचित्र, दूरध्वनी क्रमांक घेतले जातात. कोणी कोणती पुस्तके नेली याची नोंदही ग्रंथालयाकडे असते आणि ती व्यक्तीच्या आजाराबद्दल, श्रद्धेबद्दल किंवा राजकीय मतांबद्दल बरेच काही सांगू शकते. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. बालविभाग चालवणाऱ्या आणि नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या ग्रंथालयांना याचा विचार करावा लागेल.

मराठी संकेतस्थळांपुढे तांत्रिक अडचणी कोणत्या?

सर्वांत मोठी अडचण जुन्या टंकांची आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर विशिष्ट टंकांत टाइप केला जात असे. तो टंक नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. अनेक ग्रंथालयांच्या जुन्या ग्रंथसूच्या अशा टंकांत अडकल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ‘हे पुस्तक आहे का?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला घरबसल्या मिळणार नाही.

दुसरी अडचण सूचनांच्या छायाचित्रांची. लेटरहेडवर छापलेली सूचना मोबाइलवर टिपून तशीच टाकली जाते. डोळस वाचकाला ती वाचता येते, पण पडदावाचक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकासाठी ते केवळ एक चित्र असते. तीच सूचना चार ओळींत टाइप केली तर दोघांनाही वाचता येते आणि मोबाइलवर लवकर उघडते. अंध वाचकांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’चा दुवाही अशा पानावर देता येतो.

सॉफ्टवेअरचा खर्च हा तुलनेने लहान प्रश्न आहे. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी बनलेले ‘कोहा’ २००० पासून मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ही आहे. खरी अडचण नोंदी करणाऱ्या प्रशिक्षित माणसांची आणि त्यांच्या तुटपुंज्या मानधनाची आहे.

संकेतस्थळ चांगले म्हणजे ग्रंथालय चांगले?

तसे नाही. आकर्षक संकेतस्थळामागे कुलूपबंद खोली असू शकते आणि ज्याचे नाव इंटरनेटवर कुठेच नाही असे वाचनालय गावाचा आधार असू शकते. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अशा वाचकांसाठी दारातला फळा आजही आवश्यक आहे. एकदा तयार करून वर्षानुवर्षे न बदललेले पान तर दिशाभूलच करते. बंद झालेली वेळ चालू म्हणून दाखवणारे संकेतस्थळ नसलेलेच बरे.

छोट्या ग्रंथालयांना काय शक्य आहे?

स्वतंत्र संकेतस्थळ नसले तरी एक पान पुरते. त्यावर वेळ आणि साप्ताहिक सुटी, वर्गणी व अनामत, लागणारी कागदपत्रे, विलंब शुल्काचा नियम, जिना की उतार याची माहिती, बालविभाग व अभ्यासिकेची सोय, तक्रार कोणाकडे करायची, गेल्या वर्षीचा अहवाल आणि शेवटचा बदल केल्याची तारीख एवढे असले तरी बहुतेक प्रश्न सुटतात. यातील प्रत्येक गोष्ट ग्रंथालयाच्या दप्तरात आधीच असते. ती नव्याने तयार करावी लागत नाही.

मात्र अकरा हजार ग्रंथालयांनी आपापला मार्ग शोधावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. वार्षिक अहवाल शेवटी ग्रंथालय संचालनालयाच्या यंत्रणेकडेच जमा होतात. त्यातील सभासदसंख्या, ग्रंथसंख्या, उघडे राहण्याचे दिवस आणि मिळालेले अनुदान हे रकाने गाव-तालुक्यानुसार एकाच सामायिक ठिकाणी, युनिकोड मराठीत खुले केले तर छोट्या ग्रंथालयांवर खर्चाचा बोजा पडणार नाही. पुढच्या वेळी पडताळणी करायची झाल्यास महसूल कर्मचारी पाठवण्याआधी गावातला कोणीही वाचक नोंदीतील वेळेला ग्रंथालयासमोर जाऊन दार उघडे आहे की नाही, ते पाहू शकेल. अनुदानवाढीची मागणी करणाऱ्या ग्रंथालयांच्या हातीही त्यामुळे निवेदनापलीकडे दाखवण्यासारखे काही असेल.